मीठ ताटात असावं, भांड्यात नको



कांदा चाळीत पडला, नांगरट उरकली, आणि रान आता उन्हात तापत पडलंय. पावसाची वाट बघण्यापलीकडं काम नाही, म्हणून यंदा मे महिन्यात चार दिवस घर सोडलं. भिंगारहून निघालो, पुणे, सातारा, कोल्हापूर करत आंबोलीचा घाट उतरलो आणि सावंतवाडीवरून शिरोडा, वेंगुर्ल्याच्या बाजूला फिरून आलो. गाडीत मी, आमची कारभारीण, आई आणि दोन पोरं. समुद्राचे फोटो पोरांनी टाकलेच आहेत. मला लिहायचंय ते मिठाबद्दल.

पहिलं जेवण सातारच्या पुढं, हायवेवरच्या एका हॉटेलात. डाळ तडका, मिक्स भाजी, तंदुरी रोटी, जिरा राईस, आधी पापड. डाळीचा पहिला घास घेतला आणि थांबलो. म्हणलं, चुकून दोनदा मीठ पडलं असेल. भाजी घेतली, तीही तशीच. भातालाही मीठ, रोटीलाही मीठ, आणि पापड तर खारटच असतो. कारभारणीकडं बघितलं तर ती पाण्याचा दुसरा ग्लास संपवत होती. पोरं मात्र खूष. आई काही बोलली नाही. दह्याबरोबर दीड रोटी खाल्ली आणि उठली.

रात्री तीन वाजता आम्ही सगळे जागे, आणि खोलीतल्या बाटल्या रिकाम्या.

पुढच्या तीन दिवसांत पाच-सहा ठिकाणी जेवलो. कुठं शाकाहारी, कुठं मासे, कुठं चायनीज. चव वेगळी, मीठ सगळीकडं तेच. फक्त एका घरगुती खानावळीत मावशींनी वाढताना विचारलं, "आजी बीपीच्या गोळ्या घेतात का? मग आमटी जपून घ्या, ताकात मीठ घालत नाही." चार दिवसांत असं विचारणारं ते एकच माणूस.

आता मुद्दा असा की हॉटेलातलं मीठ यंदाच वाढलंय असं नाही. मागच्या वर्षीही तेवढंच असणार आणि तेव्हा आम्ही बोटं चाटून खाल्लं असणार. फरक आमच्या जिभेत पडलाय, आणि तो कसा पडला ते सांगतो.

दिवाळीच्या सुमारास आईचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि विचारलं, "घरात मीठ किती लागतं?" मी म्हणलं, चवीपुरतं. ते हसले. म्हणाले, "खताचा हिशोब एकरी किलोत ठेवता ना? मग मिठाचाही ठेवा."

ते मला लागलं. खरंच की, युरिया, डीएपी, पोटॅश सगळं वहीत आहे, आणि रोज पोटात जाणारी एक वस्तू कुठंच नाही. मग एक सोपं काम केलं. मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख टाकायची. पहिली पिशवी २० दिवसांत संपली. घरात पाच माणसं. हिशोब करा: १००० ग्रॅम, २० दिवस, ५ माणसं, म्हणजे माणशी रोज १० ग्रॅम. लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं यातलं मीठ त्यात धरलेलंच नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, आणि लहान पोरांना त्याहून कमी. आम्ही पोरांसकट दुप्पट खात होतो, आणि वरून म्हणत होतो की आमच्याकडं जेवण साधं असतं.

मग हळूहळू कमी केलं. एकदम नाही. भाजीत थोडं कमी, भातात बंद, वरून मीठ घ्यायची सवय बंद, पापड-लोणचं रोजचं होतं ते सणावारी. पहिले पंधरा दिवस सगळं अळणी लागलं. मी दोनदा ताटावरून उठून मिठाचा डबा आणला, कबूल करतो. पण दीड-दोन महिन्यांत जीभ सरावली. कांद्याची गोडी कळायला लागली. मेथीचा कडवटपणा कळायला लागला. आता आमची पिशवी ३२ दिवस जाते, म्हणजे माणशी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास. अजून पाचवर आलो नाही, पण दिशा बरोबर आहे.

म्हणून त्या हॉटेलातला पहिला घास आम्हाला टोचला. ज्याची जीभ रोज तेवढ्याच मिठाची आहे त्याला तो टोचणारच नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईच्या चपलेचा पट्टा पायात रुतला. घोट्याजवळ सूज. गाडीत तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्यानंही सूज येते, हे मला माहिती आहे, सगळा दोष मिठाला देत नाही. पण घरून बीपीचं मशीन नेलं होतं. घरी जो आकडा १३० च्या आसपास असायचा तो १६० च्या पुढं गेलेला. गोळी चुकलेली नव्हती. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आधी विचारलं, "जेवताय कुठं?" त्या दिवसापासून आईनं त्या मावशींच्याच खानावळीत जेवण घेतलं, साधा भात, बिनमिठाचं ताक, भाजलेला मासा. घरी आल्यावर आठवड्याभरात आकडा जागेवर आला. पण त्या सकाळी मी खोलीच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, हे लपवत नाही. आईला हौसेनं समुद्र दाखवायला नेलं आणि दुधात मिठाचा खडा आपल्याच हातानं टाकला, असं वाटलं.

त्याच दिवशी संध्याकाळी शिरोड्याची मिठागरं बघितली. मे १९३० मध्ये इंग्रजांच्या मिठाच्या कायद्याविरुद्ध तिथं सत्याग्रह झाला होता. गरिबाच्या भाकरीबरोबरच्या चिमूटभर मिठावर कर नको, म्हणून लोकांनी लाठ्या खाल्ल्या. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उथळ वाफ्यात उन्हानं आटवायचं, वर पांढरा थर आला की ओढायचा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पोरगं म्हणालं, "पप्पा, हे तर आपल्या मामाच्या रानासारखं दिसतंय."

बरोबर बोललं. त्याच्या मामाचं रान कालव्याच्या पाण्यावरचं. वर्षानुवर्षं ऊस, भरमसाठ पाणी, निचरा नाही. खालचे क्षार पाण्याबरोबर वर आले आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी पपडी धरायला लागली. माती परीक्षणात क्षारता ४ च्या वर गेली की जमीन खारवट झाली असं धरतात. त्या जमिनीत ओल असते, तरी पीक सुकतं, कारण खारट पाणी मुळांना ओढता येत नाही. शिरोड्यात जो पांढरा थर म्हणजे उत्पन्न, तोच आपल्याकडं म्हणजे सत्यानाश.

शरीराचंही तसंच समजा. मीठ पाणी धरून ठेवतं. अंगात मीठ वाढलं की रक्तात पाणी वाढतं आणि नळ्यांवरचा दाब वाढतो. ठिबकचा दाब वाढला की लॅटरल फाटते किंवा ड्रीपर उडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जादा मीठ बाहेर काढायचं काम मूत्रपिंडाचं, म्हणजे रानातला निचऱ्याचा चर. तरुणपणी चर मोकळा असतो, चार दिवसांचं जादा मीठ वाहून जातं. वय झालं, बीपी-साखर आली की चर बुजायला लागतो. मग तेच चार दिवस महागात पडतात.

आता हॉटेलवाल्यांच्या बाजूनंही बघू, कारण ते आपले दुष्मन नाहीत. भिंगार-नगरमध्ये माझ्या ओळखीचे दोघं-तिघं ढाबेवाले आहेत. एकाला विचारलं. तो म्हणाला, "दादा, अळणी लागलं तर गिऱ्हाईक ताट परत पाठवतं. खारट लागलं तर पाणी पितं आणि बिल देऊन जातं." सगळं उत्तर यातच आहे. कमी मिठाची तक्रार लगेच येते, जास्त मिठाची येतच नाही. मग आचारी कुणीकडं झुकणार? त्यात तो दिवसभर भट्टीपुढं घाम गाळतो, रस्सा चाखून चाखून त्याची जीभ बधिर झालेली असते. सकाळी केलेली ग्रेव्ही रात्रीपर्यंत चालवायची, तर मीठ-मसाला जड ठेवावा लागतो. टोमॅटो, साखर, क्रीम पडलं की खारटपणा झाकला जातो. वर सोडा, पापडखार, सॉस, अजिनोमोटो, या सगळ्यात सोडियम आहेच. आणि माझा आपला अंदाज, कांदा महागला की ग्रेव्हीतला कांदा कमी होतो, मीठ कमी होत नाही. त्या स्वयंपाकघरातली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच.

काही जण म्हणतील, "वर्षातून चार दिवस खाल्लं तर काय बिघडतं?" धडधाकट माणसाचं फार बिघडत नाही, मान्य. पण रोज बाहेर खाणाऱ्यांचं काय? ट्रकवाले, मार्केटमधले हमाल, मेसवर जेवणारी पोरं, कंपनीतले कंत्राटी कामगार. त्यांची सहल कधी संपतच नाही. पाकिटावर निदान सोडियमचा आकडा छापलेला असतो, त्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. हॉटेलच्या ताटावर काहीच छापलेलं नसतं.

दुसरे म्हणतील, "आपण घाम गाळणारी माणसं, आपल्याला मीठ लागतं." लागतं, आणि घामातून जातंही. पण बहुतेकांचा दिवसातला तेवढा वाटा जेवणातून आधीच जास्त झालेला असतो, आणि एसी गाडीत बसून ढाब्यावर उतरणाऱ्याला कसला घाम? उन्हात राबताना ताक-लिंबूपाणी घ्या, पण बीपीवाल्यांनी त्यात मीठ किती हे डॉक्टरला विचारून ठरवा. तसंच कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते न विचारता वापरू नका.

माझं मत साधं आहे. आपल्या जुन्या पानात मीठ आधी वाढायचे, वरच्या कोपऱ्यात, लिंबाशेजारी. आमच्या घरी भाकरीत मीठ कधीच नसतं, बाजरीची असो की ज्वारीची. कोरड्यास थोडं झणझणीत, भाकरी अळणी, दोन्ही मिळून बेताचं. ज्याला जास्त पाहिजे तो चिमूट घेणार. म्हणजे निर्णय खाणाऱ्याचा. गोठ्यात आपण गाईला चाटण वीट टांगतो, तिला पाहिजे तेवढं ती चाटते. गाईला जेवढी मोकळीक आहे तेवढी हॉटेलात बसलेल्या माणसालाही असावी.

म्हणून हॉटेलवाल्यांना हात जोडून सांगणं: भांड्यात मीठ कमी टाका, टेबलावर मिठाची डबी ठेवा. भात आणि रोटी बिनमिठाची द्या. कमी पडलं तर वरून घेता येतं, जास्त पडलेलं काढता येत नाही. खताचंही तसंच आहे, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहिती आहे.

आणि आपल्याला सांगणं: ऑर्डर देताना लाजू नका. "तिखट मध्यम" सांगतो तसं "मीठ कमी" सांगा. खारट लागलं तर नुसतं पाणी पिऊन उठू नका, गल्ल्यावर सांगून या, शांतपणे. परतीच्या वाटेवर मी दोन ठिकाणी सांगितलं. एका ठिकाणी पोरानं तोंड वाकडं केलं. दुसऱ्या ठिकाणी आचारी स्वतः बाहेर आला, आईकडं बघितलं आणि आत जाऊन डाळ वेगळी करून आणली. आईनं ती पूर्ण वाटी खाल्ली आणि त्याला म्हणाली, "बाळा, आता डाळीची चव लागली."

आज घरात मिठाची नवी पिशवी फुटेल. तारीख टाकणार आहे. तुम्हीही टाका, आणि ती किती दिवस पुरते ते महिन्याभरानं सांगा. माणसं किती आहेत तेही लिहा, म्हणजे हिशोब मांडता येईल.