वेगाचा छंद आणि पॉलिसीतील एक शब्द

रविवारी पहाटे सोलापूरहून पुणे किंवा हैदराबादच्या महामार्गाकडे निघणाऱ्या मोठ्या मोटारसायकलींचा आवाज आता शहराच्या परिचयाचा झाला आहे. त्यांतील एखाद्या तरुणाला रस्ता अपुरा वाटू लागतो आणि तो घरी ट्रॅकचे नाव काढतो. आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. वास्तविक ही वार्ता तितकी वाईट नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा आहे. शिवाय उसाच्या ट्रॅक्टरला आणि आडव्या येणाऱ्या म्हशीला कोणाच्या छंदाशी कर्तव्य नसते. ट्रॅकवर सारी वाहने एकाच दिशेने धावतात आणि रुग्णवाहिका हाताशी असते.

सोलापुरात असा ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे. सोलापूर मुंबई–चेन्नई लोहमार्गावर असल्याने पहिला ट्रॅक तसा सोयीचा.

तरीही तेथे धोका नाही असे कोणी म्हणू नये. जानेवारी 2021 मध्ये डकार रॅलीत पडलेले सी. एस. संतोष यांना रियाधच्या रुग्णालयात औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले होते. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत अवघ्या 13 वर्षांचा एक होतकरू स्वार प्राणास मुकला. नवशिक्याच्या वाट्याला बहुधा मोडलेले मनगट किंवा कॉलरबोन येते. पण शस्त्रक्रियेचे बिल घरालाच भरायचे असते, आणि तेव्हा कपाटातील पॉलिसी प्रथमच नीट वाचली जाते.

विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा प्रमाणित केली. त्यातील नवव्या अपवादात गिर्यारोहण, स्कूबा डायव्हिंग यांच्याबरोबर मोटार शर्यतीचेही नाव आहे. मात्र वाक्यात एक शब्द आहे : ‘व्यावसायिक’ म्हणून भाग घेतल्यास उपचारांचा खर्च मिळणार नाही. म्हणजे छंद म्हणून ट्रॅकवर गेलेला, बक्षिसाची रक्कम वा प्रायोजक नसलेला तरुण या शब्दांच्या सरळ अर्थाने अपवादात येत नाही. अपघातावरील उपचारांना सुरुवातीचा 30 दिवसांचा प्रतीक्षाकाळही लागू नसतो. परंतु हाच तरुण उद्या स्पर्धांचा परवाना घेऊन बक्षिसे मिळवू लागला, तर त्याला छंदी म्हणायचे की व्यावसायिक, हा वाद दाव्याच्या वेळीच उभा राहील.

मोटारसायकलीच्या पॉलिसीत एवढीही सवलत नाही. तिच्या वापराच्या मर्यादेत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी ही दोन्ही वगळलेली असतात. तेथे हौशी आणि व्यावसायिक असा भेद नाही. ट्रॅकवर मोडलेली गाडी स्वखर्चाने दुरुस्त करावी लागेल असे धरूनच निघावे. त्या पॉलिसीसोबतच्या 15 लाखांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणावरही तेथे विसंबू नये. वेगळी अपघात पॉलिसी असेल तर तिच्यात शर्यतीविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. समाजाच्या किंवा नोकरीच्या सामूहिक योजनेत मूळ करारपत्र मागून वाचावे, कारण सभासदाच्या हाती बहुधा माहितीपत्रक आणि कार्डच असते. प्रस्ताव अर्जात धोकादायक छंदाचा प्रश्न असल्यास उत्तर खरे द्यावे. थोडा हप्ता वाढला तरी चालेल. लपवलेल्या गोष्टीने फेटाळलेला दावा फार महाग पडतो.

आता पोशाखाचा प्रश्न, जो जैन घरात पैशापेक्षा अवघड ठरतो. ट्रॅकवरचा रूढ पोशाख चामड्याचा असतो, आणि ज्या घरात चामड्याचा पट्टाही चालत नाही तेथे तो खुंटीला कसा लागणार? घसरताना कातडी वाचवण्यात उत्तम चामडे सरस आहे, हे मान्य करावेच लागते. तरी मार्ग अगदीच बंद नाही. शर्यतीचे बरेच बूट आज कृत्रिम मायक्रोफायबरचे असतात. कापडी पोशाखांना युरोपीय ईएन 17092 मानकानुसार प्रती असतात. त्यांतील ‘एएए’ ही सर्वांत वरची प्रत, तिच्याखालचे काही ट्रॅकसाठी घेऊ नये. हातमोज्यांचे तळवे बहुधा चामड्याचेच निघतात, म्हणून खरेदीपूर्वी खात्री करावी. छातीचे व पाठीचे संरक्षक कवच आणि हनुवटीखाली दुहेरी कडीने आवळणारे, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट यांत मात्र काटकसर नको.

उपवासाचेही तसेच. निर्जल उपवासाच्या दिवशी किंवा पारण्याच्या दुसऱ्याच दिवशी चेन्नईच्या दमट उष्म्यात जाड पोशाख घालून वळणे घेणे शरीराला झेपणारे नाही. पाणी कमी पडले की लक्ष आधी ढळते. पर्युषणातील तारखा पाहूनच नोंदणी करावी, म्हणजे ना व्रत मोडावे लागेल ना हाड.

रेल्वेचे तिकीट काढण्यापूर्वी दोन ई-मेल पाठवलेले बरे. पहिला विमा कंपनीला : शुल्क भरून, बक्षिसाविना, प्रशिक्षणासाठी ट्रॅकवर मोटारसायकल चालवताना झालेल्या अपघाताचे उपचार पॉलिसीत येतात काय? एजंटाचे ‘होऊन जाईल हो’ हे उत्तर धरू नये, लेखीच मागावे. दुसरा ट्रॅकच्या आयोजकांना : ‘एएए’ प्रतीचा कापडी पोशाख चालेल काय? अनेक ठिकाणी चामड्याचाच आग्रह असतो, आणि नकार यायचाच असेल तर तो सोलापुरात घरबसल्या आलेला बरा.