केवळ नवे असणे म्हणजे शोध नव्हे

१/ मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने क्षयरोगावरील ‘बेडाक्विलिन’ या औषधाच्या फ्युमरेट क्षारावर पेटंट नाकारले. अर्जदार होती जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील कंपनी. या निर्णयाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२/ न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला. पेटंट औषधाच्या निर्मितिप्रक्रियेला मिळे, औषधाला नव्हे. त्या मोकळिकीत भारतीय औषधउद्योग वाढला.

३/ जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये औषधावरील पेटंट परत आले. पण संसदेने कसोट्या कडक ठेवल्या. नावीन्य म्हणजे ती वस्तू पूर्वी ज्ञात नसणे. शोधकता म्हणजे ती त्या विषयातील जाणकारालाही सहज सुचण्याजोगी नसणे. शिवाय कलम ३(डी) सांगते : ज्ञात द्रव्याचे नवे रूप, परिणामकारकता वाढल्याखेरीज, शोध ठरत नाही.

४/ बेडाक्विलिनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. क्षारावरील पेटंटाने मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. वस्तुतः ज्ञात औषधाचा क्षार करणे ही औषधनिर्मितीतील नित्याची रीत आहे.

५/ हे ठणकावून सांगणाऱ्यांत दोघी होत्या : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. क्षयरोगावरील जुन्या, विषारी इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावली होती. त्या इंजेक्शनांना पर्याय ठरलेली गोळी इतरांना परवडावी, म्हणून २०१९ मध्ये त्यांनी हरकत नोंदवली.

६/ सुधारणेलाही पैसा आणि श्रम लागतात, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. तो खोटा नाही. परंतु पेटंट हे श्रमाचे वेतन नव्हे. समाजाच्या ज्ञानात पडलेल्या भरीचे ते मोल आहे. रुग्णाला अधिक गुण येत असेल, तर तसा पुरावा द्यावा.

७/ पेटंट मिळण्यापूर्वीची हरकत पूर्वी निःशुल्क होती. २०२४ च्या नियमांनी तिच्यावर शुल्क लावले. हरकत ग्राह्य आहे की नाही, याचीही आधी छाननी होते. निरर्थक हरकती रोखण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. तरी माझ्या मते ही वाट अरुंद करणे चूक आहे. कसोटी कागदावर कितीही कडक असो, ती लावून पाहा असे म्हणणारा दाराशीच अडला, तर ती कागदावरच राहते.