खपल्या कशाला मोजता?

कांजिण्या झालेल्या मुलाला शेवटची खपली गळून पडेपर्यंत शाळेत पाठवू नये, असे मानणारे पालक आणि शिक्षक आपल्याकडे भरपूर आहेत. सांगायला संकोच वाटतो, पण काही डॉक्टरही आहेत. हेतू चांगलाच आहे, फक्त नियम दुसऱ्याच रोगाचा आहे. खपली पडेपर्यंत वेगळे राहायचे ते देवीच्या रोग्याने, कारण देवीचा विषाणू खपलीतही टिकून राहत असे. १९८० मध्ये देवी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. तिचा दंडक मात्र मागे राहून कांजिण्यांना चिकटला असावा, असा माझा कयास आहे. घरोघर दोन्हींचा मान सारखाच होता ना: तोच कडुलिंबाचा पाला, तीच आंघोळीची बंदी.

कांजिण्यांचा विषाणू असतो तो घशात आणि फोडांतल्या पाण्यात. नवे फोड येणे थांबले आणि असलेले सगळे सुकून त्यांवर खपली धरली की संसर्गाचा काळ संपला. याला पुरळ उठल्यापासून साधारण पाच ते सात दिवस लागतात. खपल्या गळायला पुढे आठवडा-दोन आठवडे जातात, आणि तेवढे दिवस मूल विनाकारण घरात बसते. बरे, हेच मूल पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी वर्गात बसून शेजारच्याला रोग देत होते, तेव्हा कुणालाच पत्ता नव्हता. लस घेतलेल्या मुलाला कधीकधी नुसते लाल ठिपके येतात, खपली धरतच नाही. तिथे चोवीस तासांत नवा ठिपका उठला नाही, एवढे पुरते. खपल्या मोजणाऱ्यांनी या मुलाचे काय करायचे?

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट. ताप उतरला, पोरगं खेळायला लागलं, म्हणजे झालं बरं! सकाळी सातला पॅरासिटामॉल पाजून आठच्या रिक्षात बसवलेले मूल मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा तापलेले असते, हे कुठल्याही बालवाडीच्या बाईंना विचारा. फ्लूसारख्या आजारात औषधाशिवाय निदान चोवीस तास ताप नसायला हवा, हा साधा नियम या घाईत गुंडाळला जातो. शिवाय बरे वाटणे आणि संसर्ग संपणे यांची वेळ एक असेलच असे नाही. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास थांबावे लागते, आणि हे कुणापेक्षाही खानावळीत पोळ्या लाटणाऱ्याने पाळायला हवे. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन ठणठणीत होती, तरी तिच्या हातच्या जेवणातून लोकांना विषमज्वर होत राहिला. तिला आयुष्याची वीसहून अधिक वर्षे एका बेटावर काढावी लागली.

मेरीचे नाव घेतले की तिसरा पक्ष खूश होतो. बघा, म्हणूनच रिपोर्ट निगेटिव्ह आल्याखेरीज कुणाला सोडू नये! विषमज्वरातून उठलेल्या आचाऱ्याच्या बाबतीत मला हे मान्य आहे. तिथे तपासणीला पर्याय नाही. पण तोच न्याय सरसकट लावला की काय होते, हे आपण कोविडमध्ये पाहिले. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय तुकड्यांच्या प्रती वाढवून दाखवते. तो विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे ती सांगत नाही. त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाचा अहवाल काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणूनच ८ मे २०२० रोजी केंद्राच्या आरोग्य खात्याने धोरण बदलले: सौम्य आजारात लक्षणे सुरू होऊन १० दिवस झाले आणि सलग ३ दिवस ताप नसला, तर चाचणी न करता रुग्णालयातून घरी सोडावे. पुढे जानेवारी २०२२ मध्ये गृहविलगीकरणासाठी ही मुदत पॉझिटिव्ह आल्यापासून ७ दिवसांवर आणली, आणि पुन्हा चाचणी नको हेही स्पष्ट लिहिले. सोसायट्यांचे सचिव मात्र ‘निगेटिव्ह दाखवा’ म्हणत फाटकात उभे होतेच. घरकाम करणाऱ्या बाईने स्वतःच्या पैशाने पुन्हा चाचणी करायची आणि तोवर पगार नाही, असा हा हिशेब.

इथे उरतो तो सर्वांत सोज्वळ युक्तिवाद: चार दिवस जास्त ठेवले तर बिघडले काय? रोजंदारीवर काम करणाऱ्याला हे विचारून पाहावे. पण नुकसान केवळ त्याचेच नाही. आजार सांगितला की महिनाभर बाहेर, हे एकदा कळले की माणसे आजार सांगतच नाहीत आणि खऱ्या संसर्गाच्या दिवसांत अंगभर कपडे घालून कामावर येतात. क्षयाच्या बाबतीत तर आपण पिढ्यानपिढ्या हेच केले. मिरजेच्या सॅनेटोरियमपासून घरातल्या वेगळ्या ताट-वाटीपर्यंत सगळा भर माणूस दूर ठेवण्यावर. मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत तीच औषधे दिली गेली. घरी राहिलेल्यांच्या नातलगांत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले नाही. योग्य औषध लागू पडले की संसर्ग झपाट्याने घटतो. नेहमीच्या क्षयात साधारण दोन आठवडे सांगितले जातात, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात जास्त. सहा महिने चालतो तो उपचार. आणि भांड्यांतून क्षय पसरतच नाही. तरीही कोर्स पुरा करून वर्ष उलटलेल्या सुनेचा पेला आजही वेगळ्या फळीवर असतो.

मग धरायचे काय? ज्या त्या रोगाचे घड्याळ. गोवर: पुरळ उठल्यावर चार दिवस. गालगुंड: गाल सुजल्यापासून पाच दिवस. डांग्या खोकला: योग्य प्रतिजैविक सुरू केल्यापासून पाच दिवस, ते घेतले नाही तर तीन आठवडे, मागे राहिलेली ढास त्यात धरायची नाही. कर्करोगाची औषधे घेणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला ही गणिते लागू पडत नाहीत, त्याची मुदत डॉक्टरांनीच ठरवावी.

शाळा आणि कारखाने मागतात ते फिट सर्टिफिकेट या कामी निरुपयोगी आहे. त्यात रोगाचे नाव असते, सही-शिक्का असतो, पण कोणत्या दिवसापासून मोजले ते नसते. त्याऐवजी ‘गोवर, पुरळ ३ तारखेला, ८ तारखेपासून शाळेत हरकत नाही’ एवढे लिहिले, तर बाईंनाही मोजता येईल आणि आईलाही. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना एवढा वेळ कुठला, असे कुणी म्हणेल. दोन तारखा लिहायला ‘फिट’ लिहिण्यापेक्षा फार तर दहा सेकंद जास्त लागतील.