गार्ड नसेल तर किसणी नको

आपल्या वस्त्यांतल्या स्वयंपाकघरांत विळी हळूहळू मागे पडते आहे. तिच्या शेजारी आता चिप्सची किसणी आली आहे. दुकानात तिला स्लायसर म्हणतात, खोक्यावर कधी मँडोलिन असेही नाव असते. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, कल्याण-डोंबिवली स्टेशनबाहेर, लोकलच्या महिला डब्यातसुद्धा ती मिळते. विकणारा डोळ्यांदेखत बटाट्याचे पातळ काप पाडून दाखवतो आणि आपण ती पिशवीत टाकतो.

आमचा किसणीला विरोध नाही. रात्री आठला गाडीतून उतरून स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईचा वेळ ती वाचवते. काप एकसारखे होतात, म्हणून भाजीही एकसारखी शिजते. आमचे म्हणणे एवढेच आहे: हाताला वाचवणारा गार्ड नसेल तर ही किसणी विकत घेऊ नये, आणि गार्ड असेल तर तो कपाटात ठेवून नुसत्या हाताने भाजी घासू नये.

वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत यंत्रावर काम केलेली माणसे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. यंत्राच्या धोकादायक भागाला संरक्षक आवरण हवे, हे त्यांना सांगावे लागत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तशी सक्ती होती. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. कामगाराचा जीव आणि हातपाय सुरक्षित राहणे ही मालकाची मेहेरबानी नाही, हे आपण जाणतो. मग हा नियम स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी का थांबावा? ओट्याशी किंवा पाटावर बसून तासन् तास राबणाऱ्या बाईची ती कामाचीच जागा आहे.

बोट कापणे ही आपल्याकडे किरकोळ गोष्ट समजली जाते. पण ज्या भगिनी चार घरची धुणीभांडी करतात, त्यांना जखम भरेपर्यंत साबणाच्या पाण्यात हात घालता येत नाही. पगारी रजा बहुतेकींना नसते. शिवणकाम, पॅकिंग, वडापावची गाडी, सगळे बोटांवरच चालते. शे-दीडशे रुपयांची किसणी अशी आठवड्याची मजुरी घेऊन जाते.

काही जणी म्हणतील, आम्ही लहानपणापासून विळीवर चिरतो, आम्हाला काय शिकवता? नेमका इथेच घोटाळा होतो. विळीचे पाते समोर उभे असते, डोळ्यांना दिसते. भाजी दोन्ही हातांनी धरलेली असते आणि वेग आपल्या हातात असतो. किसणीचे पाते भाजीच्या खाली आडवे लपलेले असते. हात जोराने पात्याच्याच दिशेने जातो आणि प्रत्येक फेरीत भाजी लहान होत बोट पात्याजवळ येते. बटाटा ओला असतो, तो निसटतो आणि बोटाच्या पेराचे मांसच सालीसारखे निघते. अशी जखम साध्या चिरेपेक्षा जास्त वाहते आणि भरायलाही वेळ घेते.

घात बहुतेक वेळा शेवटच्या तुकड्याला होतो. अन्न वाया घालवू नये हे आपले वळण आहे आणि ते चांगलेच आहे. पण इंचभर बटाट्यासाठी बोट पणाला लावू नये. तो तुकडा बाजूला ठेवा, सुरीने किंवा विळीवर चिरून रस्सा भाजीत टाका. काहीच वाया जात नाही.

किसणी घेताना पाच गोष्टी बघा. एक, गार्डला खालून दाते असावेत, त्यांत भाजी घट्ट रुतावी आणि गार्ड किसणीवर अडखळू नये. दोन, पायाला रबर असावे किंवा पातेल्याच्या काठावर अडकवायला खाच असावी. तीन, दाबल्यावर प्लास्टिक वाकत असेल तर ती परत ठेवा. चार, पाते न गंजणाऱ्या स्टीलचे असावे. पाच, जाडी कमी-जास्त करण्याची सोय असेल तर पाते पूर्ण बंद करता येते का ते पाहा. इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे पाते असेल तर जोर कमी लावावा लागतो. पाती सुटी असतील तर ती ठेवायला डबी हवी. रोज खूप भाजी कापणाऱ्यांनी कापापासून वाचवणारा हातमोजा घ्यावा. साधा सुती मोजा किंवा बोटाला गुंडाळलेले फडके हे संरक्षण नव्हे, ते पात्यात अडकते.

वापरताना किसणीखाली ओले फडके घाला, म्हणजे ती सरकत नाही. बटाट्याची एक बाजू आधी सुरीने सपाट करा. रताळे, सुरण, जाड बीट यांना जोर लागतो, ती विळीवरच चिरलेली बरी. पाते बोथट झाले की आपण जास्त दाबतो आणि हात घसरतो, म्हणून बोथट किसणी वापरू नका. नळाला पाणी आले, पोराने हाक मारली, फोन वाजला, तर आधी किसणी खाली ठेवा, मग उठा. दहा बाय दहाच्या खोलीत मुले पायांतच असतात, त्यामुळे काम झाले की लगेच ब्रशने धुऊन, पुसून, उंच फळीवर ठेवा. मोरीत खरकट्या भांड्यांच्या ढिगात ती कधीच टाकू नका. भांडी घासणाऱ्या हाताला ती दिसत नाही.

दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या भगिनींनीही गार्ड मागून घ्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

भीमजयंतीला किंवा बुद्धपौर्णिमेला वस्तीत भोजनदान असते, तेव्हा पोतीच्या पोती कांदा-काकडी कापली जाते. घाई असते, गप्पा असतात, रात्रीचे जागरण असते. अशा वेळी जितके गार्ड तितक्याच किसण्या वापराव्यात, बाकीच्यांनी विळी घ्यावी. अर्ध्या तासाने माणूस बदलावा. आणि हे काम बायकांवरच का सोडावे? मंडळाच्या तरुणांनीही गार्ड धरायला शिकावे. जो जेवतो, त्याला चिरताही यावे.

कापलेच तर घाबरू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा. अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा. स्वच्छ फडक्याने सलग दहा मिनिटे घट्ट दाबा, हात छातीपेक्षा वर ठेवा, आणि मध्येच उघडून पाहू नका. हळद, चहाची पूड, चुना, टूथपेस्ट लावू नका. त्याने जखमेत घाण जाते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, मांसाचा तुकडा गेला, बोट बधिर झाले किंवा वाकत नसेल, तर लगेच दवाखान्यात जा. तुटलेला तुकडा मिळाला तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवून सोबत न्या. तुकड्याला बर्फ थेट लागू देऊ नका. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी लहान जखमही दाखवावी. पाच वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसेल किंवा आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, ही पालिकेची रुग्णालये आपलीच आहेत.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली किसणी कागदात गुंडाळून आणावी. गार्ड आहे का, तो हातात बसतो का, पाते सैल आहे का, हे मिळून तपासावे. ज्या किसणीचा गार्ड हरवला आहे, तिचे पाते जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, घंटागाडीवरच्या माणसाला सांगून द्यावे. कचरा उचलणारे हातही आपल्याच माणसांचे असतात.