आरोग्य कट्टा : मानेवरची न दुखणारी गाठ



पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. घरातली मोठी माणसं त्याला 'अवधाण आलं' म्हणतात. दात किडला, घसा सुजला की मानेला गाठ येते. जखम बरी झाली की आठ-पंधरा दिवसांत ती जिरते. या गाठी म्हणजे आपल्या लसिका ग्रंथी. अंगात अशा सुमारे ६०० ग्रंथी असतात आणि जंतूंना अडवणं हे त्यांचं काम. दुखणारी, लवकर आलेली आणि लवकर गेलेली गाठ म्हणजे बहुतेक वेळा शरीर आपलं काम चोख करतंय, एवढंच.

आज बोलायचं आहे ते न जिरणाऱ्या गाठीबद्दल. १५ सप्टेंबर हा दिवस जगभर लिम्फोमा जागृतीसाठी पाळला जातो. लिम्फोमा म्हणजे लसिकासंस्थेचा कर्करोग. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंदच्या घरांत हे नाव क्वचितच कानावर येतं, म्हणून ते आल्यावर गोंधळ जास्त उडतो.

हा आजार म्हणजे काय?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी बेसुमार वाढू लागल्या आणि ग्रंथींत साठू लागल्या की लिम्फोमा होतो. लंडनचे डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये याचं वर्णन केलं. त्यांच्या नावावरून एक प्रकार 'हॉजकिन' आणि बाकीचे सगळे 'नॉन-हॉजकिन' झाले. हॉजकिन प्रकार पंधरा ते पस्तीस या वयात बराच दिसतो. म्हणजे कॉलेजात जाणारी, नुकती नोकरीला लागलेली मुलं. 'एवढ्या तरुण वयात कसला कॅन्सर?' असं म्हणून गाठ अंगावर काढू नका.

कोणती गाठ दाखवायची?

मान, काख किंवा जांघेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत कमी झाली नाही, दुखत नाही, रबरासारखी लागते, वाढते आहे, तर डॉक्टरांना दाखवा. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खोबणीतली गाठ तर वाट न बघता दाखवा. सोबत तीन गोष्टी विचारा: कारण न सापडणारा ताप येतो का? रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम येतो का? सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी उतरलंय का? साठ किलोच्या माणसाचं सहा किलो, असा हिशेब.

ताप, घाम, वजन घटणं आणि मानेवर गाठ, हे सगळं टीबीतही होतं. आपल्याकडे टीबी जास्त, म्हणून आधी तोच आठवतो आणि ते चूकही नाही. पण नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गाठ वाढतच गेली, तर मौल्यवान महिने वाया जातात. म्हणून शांतपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, गाठीचा तुकडा तपासायचा का?" सुईने काढलेल्या पाण्यावरून लिम्फोमाचा प्रकार कळेलच असं नाही. बऱ्याचदा अख्खी गाठ काढून तपासावी लागते. 'चाकू लागला की कॅन्सर पसरतो' ही भीती मनातून काढा. तपासणीशिवाय औषध ठरत नाही. आणि तपासणीआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नका. त्याने गाठ तात्पुरती बसते आणि निदान हुकतं.

'चौथी स्टेज' ऐकून हात-पाय गाळू नका

बाकीच्या अनेक कर्करोगांत चौथी स्टेज म्हणजे वाट अवघड. लिम्फोमाचं तसं नाही. या पेशी मुळातच अंगभर फिरणाऱ्या, त्यामुळे आजार पसरलेला सापडणं नवल नाही. अशा अवस्थेतही अनेक प्रकारांत पूर्ण बरं करण्यासाठीच उपचार दिले जातात. हॉजकिनचे बहुसंख्य रुग्ण वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतल्यावर बरे होतात. काही संथ प्रकारांत तर डॉक्टर लगेच औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात. त्याला हयगय समजू नये.

अंगणातली सदाफुली

लिम्फोमाच्या केमोथेरपीतली विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही दोन औषधं आपल्या दारातल्या सदाफुलीतून सापडली. १९५० च्या दशकात कॅनडाचे रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या झाडात मधुमेहावरचं औषध शोधत होते. पाल्याच्या अर्काने पांढऱ्या पेशी घटतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण म्हणून सदाफुलीचा काढा पिऊ नका. औषधाचा अंश पाल्यात अगदी नगण्य असतो, काढ्यात किती उतरला ते कळत नाही आणि मूळ द्रव्य विषारी आहे.

पुढे रिटुक्सिमॅब हे नेमक्या पेशींवर बसणारं औषध आलं. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली, पण किंमत आवाक्याबाहेर होती. २००७ मध्ये आपल्या शेजारच्या हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची स्वस्त आवृत्ती आणली. परत उलटलेल्या आजारासाठी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून 'नेक्सकार-१९' ही पेशी-उपचारपद्धती तयार झाली. तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात अशा उपचाराला काही कोटी लागतात. इथे तो साधारण दहाव्या हिश्श्यात होतो. तरी रक्कम मोठीच आहे, आणि तो सगळ्यांना लागतही नाही.

घरातली पथ्यं

हा आजार संसर्गजन्य नाही. ताट-तांब्या वेगळा करू नका. उलट जपायचं आहे ते रुग्णाला आपल्यापासून. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. पाणी उकळलेलं, जेवण ताजं आणि गरम. लग्न, जत्रा, उरूस यांतली गर्दी काही काळ टाळा. केस जातात आणि परत येतात. लाल औषधानंतर लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. हातापायांना मुंग्या आल्या, दम लागला, तर न लपवता सांगा.

तरुण रुग्णांसाठी एक गोष्ट, जी संकोचापोटी राहून जाते. काही औषधांनी मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. वीर्य किंवा बीजांडं जपून ठेवण्याबद्दल केमो सुरू होण्यापूर्वीच विचारा.

कुठे जायचं, कागद कोणते?

कलबुर्गीत किदवई संस्थेचं उपकेंद्र आहे. हैदराबादचं एमएनजे, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, बेंगळुरूचं किदवई आणि मुंबईचं टाटा मेमोरियल हे पुढचे पर्याय. 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक' योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएल कार्डावर खर्चाचा काही भाग. त्यासाठी सहसा सरकारी दवाखान्याची शिफारस चिठ्ठी लागते. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यात बिदर-कलबुर्गीकडची गावंही आहेत. आपलं गाव यादीत आहे का आणि कोणते दाखले लागतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीपूर्वीच विचारा.

शेवटचं, पुण्या-हैदराबाद-बेंगळुरूला असलेल्या मुलामुलींसाठी. रिपोर्ट इंग्रजीत, खिडकीवरचं बोलणं कानडीत आणि आई-बाबांच्या शंका मराठीत. या तिन्हींच्या मधली जागा तुम्हीच भरू शकता. सगळ्या रिपोर्टचे फोटो तारखेनुसार एका जागी ठेवा, पुढच्या केमोची तारीख कॅलेंडरला लावा, लागलं तर रक्त आणि प्लेटलेट द्यायला मित्रांची यादी तयार ठेवा. मधला एकही डोस घरच्या कामासाठी किंवा पेरणीसाठी पुढे ढकलला जाऊ देऊ नका. आणि या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा मान-काखेतल्या गाठीबद्दल एकदा सहज विचारा.

काळजी घ्या. पुढच्या महिन्यात भेटू.