दिवेलागणीचा जाहीरनामा

आमच्या आज्या गोष्ट सांगायला बसत तेव्हा आधी एक अट घालत: हुंकार द्यायचा. दिवा मालवलेला असे, पोरे गोधडीत शिरलेली असत, कोणाचा चेहरा कोणाला दिसत नसे. तरी दर वाक्याला ‘हं’ यायला हवा. ‘हं’ थांबला की आजी थांबे. ऐकणारा झोपला हे तिला कळे, आणि ऐकणाऱ्याशिवाय गोष्ट पुढे नेण्यात तिला रस नसे.

आज आमच्या घरांत ‘हं’ भरपूर ऐकू येतो. आई दिवसभरातले काही सांगते, मुलगा ‘हं’ म्हणतो आणि त्याचा अंगठा काचेवर सरकत राहतो. मुलगी शाळेतले भांडण सांगते, बाप ‘हं’ म्हणतो आणि ऑफिसच्या ग्रुपवर उत्तर टाइप करतो. आजीला निदान झोपलेला माणूस ओळखता येत होता. आम्हाला जागा माणूस कुठे गेला आहे ते समजत नाही. हा पोकळ हुंकार ऐकून आम्ही थकलो आहोत, आणि तो देऊनही.

आम्ही कोण? शिक्षक, गृहिणी, बँकेतले कारकून, नर्स, शेतकरी, कॉलेजातली मुले, निवृत्त झालेले आजोबा. फोन न वापरणारा आमच्यात एकही नाही. हा मजकूरसुद्धा आम्ही एकमेकांना फोनवरून पाठवून पक्का केला, हे लपवण्यात अर्थ नाही.

‘सातच्या आत घरात’ हा नियम आमच्यातल्या अनेक जणींनी सोसला आहे. आज सातच्या आत सगळेच घरात असतात आणि घरात कोणी नसते. चार माणसे, चार पडदे, मध्ये गार होत चाललेली आमटी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरणारी माणसे दिवसाला एक जीबी वापरू लागली. स्वस्ताईबद्दल आमची तक्रार नाही. तिने गावखेड्यातल्या पोरांना स्पर्धा परीक्षेचे वर्ग दिले, शेतकऱ्याला बाजारभाव दिला. पण डेटा स्वस्त झाला तेव्हा दुसऱ्या बाजूने काय महाग होत गेले, याचा हिशोब कोणी मांडला नाही.

तो आम्ही मांडतो. एसटीत शेजारी बसलेल्याला ‘कुठले तुम्ही?’ असे विचारणे ही महाराष्ट्राची जुनी सवय. त्या एका प्रश्नातून गाव निघे, गावातून पाहुणे निघत, पाहुण्यांतून सोयरीक निघे; उतरताना पेरूची एक फोड हातावर ठेवली जाई. आता कानांत बुचे घातलेल्या माणसाला गाव विचारायचे कसे? लोकलच्या डब्यात वर्षानुवर्षे एकत्र प्रवास करणारे ग्रुप होते. पत्ते होते, भजन होते, कोणाच्या घरी मयत झाली तर अख्खा डबा स्मशानात हजर असे. दवाखान्यात भेटायला आलेले नातेवाईक खाटेभोवती बसतात आणि पाच मिनिटांत एकेक जण मान खाली घालतो. रुग्ण छताकडे पाहत राहतो. मान खाली घालणे हे आमच्याकडे शरमेचे किंवा शोकाचे लक्षण होते. आता ती आमची नेहमीची बैठक झाली आहे.

यावर पहिला उपदेश ठरलेला असतो: मनावर ताबा ठेवा. हा उपदेश आम्ही नाकारतो. ज्यांनी हे यंत्र घडवले त्यांनी ताबा सुटावा म्हणूनच ते घडवले आहे. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच बजावले होते की माहितीचा सुकाळ होईल तिथे लक्षाचा दुष्काळ पडेल. पुढे कंपन्यांना या दुष्काळातच धंदा दिसला. पुस्तकाच्या पानाला तळ असतो; तिथे डोळा थांबतो आणि माणूस ठरवतो, पुढे वाचायचे की उठायचे. २००६ मध्ये एझा रास्किन या रचनाकाराने तळच नसलेले पान तयार केले. पुढे त्याने त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली, पण तोवर ठरवण्याची ती जागा जगभरातून पुसली गेली होती. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये उघड सांगितले की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसे खेचता येईल, याच विचारातून ही माध्यमे उभी राहिली. आमच्या भाषेत ‘लक्ष’ म्हणजे अवधान आणि ‘लक्ष’ म्हणजे लाखसुद्धा. कंपन्यांनी दोन्ही अर्थ बरोबर ओळखले.

परिणाम मोजलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या २००४ च्या मोजणीत माणसे एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत होती. अलीकडच्या मोजणीत हा आकडा ४७ सेकंदांवर आला आहे. ४७ सेकंदांत चहाला उकळीही फुटत नाही. मग कोणाचे दुःख ऐकून होईल? दुःख सांगणारा आधी पावसाबद्दल बोलतो, मग गुडघ्यांबद्दल, मग बराच वेळ गप्प बसतो. खरे वाक्य त्या गप्प बसण्यानंतर येते. तेवढा वेळ समोरचा थांबला नाही तर ते वाक्य येतच नाही, आणि आपल्याला वाटते की याला काही सांगायचे नव्हते.

गप्प बसण्याचा अर्थही बदलला. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा आल्या. पत्रांच्या काळात उत्तर आठ दिवसांनी गेले तरी कोणी रुसत नसे. आता वाचले आणि उत्तर दिले नाही, एवढ्यावर मैत्री तुटते.

वेळ परत मागण्याची लढाई या मातीला नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत भोंगा वाजायचा आणि माणूस यंत्राच्या हवाली व्हायचा. आठवडी सुट्टी ठाऊक नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सूर्य मावळला की काम बंद. सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी रविवारच्या सुट्टीचा निर्णय झाला. आज आपण जो रविवार गृहीत धरतो, तो कोणीतरी मागून, भांडून मिळवलेला आहे. लोखंड्यांच्या काळात भोंगा गिरणीच्या चिमणीपाशी होता. संध्याकाळी त्याच्यापासून चालत लांब जाता येत होते. आमचा भोंगा खिशात आहे आणि तो आम्ही स्वतः चार्ज करतो.

आणि याच मातीत एका गावाने भोंग्याचा अर्थ उलटा केला. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. करोनाच्या काळात शाळा फोनमध्ये शिरली आणि शाळा परत भरल्यावरही मुले फोनमधून बाहेर येईनात. २०२२ मध्ये गावाने ठरवले: संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावले. त्या दीड तासात मुले पुस्तक उघडतात, मोठी माणसे बोलतात. कायदा नाही, सरकारी योजना नाही. गावाने एकत्र ठरवले, एवढेच.

‘एकत्र’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द. एकट्याने फोन बंद केला तर तो चुकतो, मागे पडतो, त्याच्यावर निरोप न पोचल्याचा ठपका येतो. सगळ्यांनी मिळून बंद केला तर चुकण्यासारखे काही उरतच नाही. एकट्याच्या निग्रहाला जे आठवडाभर जमत नाही, ते गावाच्या रिवाजाला वर्षानुवर्षे जमते.

आता एक कबुली. जुने दिवस सोन्याचे होते असे आम्ही म्हणणार नाही. गावच्या पारावर सगळे बसत हे खोटे आहे. पारावर कोण बसेल, कोण लांब उभा राहील आणि कोणत्या बाईने मान खाली घालून तिथून जायचे, हे जातीने आणि पुरुषांनी ठरवलेले होते. अनेक सुनांना बोलायला पहिली जागा मिळाली ती फोनमध्येच. माहेरी रोज बोलता येऊ लागले, नवऱ्याच्या मारहाणीची गोष्ट दाराबाहेर गेली. ज्यांना चावडीने कधी बोलू दिले नाही, त्यांनी याच पडद्यावर आवाज मिळवला. हे जाऊ नये. आम्हाला नवा पार बांधायचा आहे, आणि त्यावर कोणी कोणाला उठवणार नाही.

आम्ही मानतो की लक्ष देणे हे माणसाने माणसाला द्यायचे पहिले दान आहे. पैसा उसना मिळतो, लक्ष मिळत नाही. आम्ही मानतो की कंटाळा हा मुलांचा हक्क आहे. कंटाळलेले पोर खिडकीत बसून मुंग्या मोजते आणि त्यातूनच काहीतरी करायला उठते. आम्ही मानतो की वाद समोरासमोर बसून घालायचा असतो, कारण समोरच्याचे डोळे भरून आले की जीभ आपोआप आवरते. अंगठ्याला तशी सोय नाही.

म्हणून आम्ही दिवेलागणीची वेळ मागून घेत आहोत. कुठे सांजवात लागते, कुठे मगरिबची अजान होते, कुठे कामावरून आलेला माणूस नुसते पाय धुऊन उंबऱ्यात बसतो. संध्याकाळी सात ते साडेआठ, हा दीड तास आम्ही काचेला देणार नाही. फोन एका जागी ठेवला जाईल, आणि आधी मोठ्यांचा. मुलांना बंदी आणि आपण बातम्या पाहत बसायचे, हा दुटप्पीपणा पोरे पहिल्याच दिवशी ओळखतात.

बोलण्यासाठी लावलेला फोन चालेल. पुण्यातल्या आईला न्यू जर्सीहून मुलगा तिकडच्या सकाळी फोन करतो, तेव्हा इथे दिवेलागण असते. तो फोन उचला, निवांत बोला. फक्त स्पीकरवर टाकून भाजी निवडता निवडता नको.

प्रत्येक सोसायटीच्या आवारात, प्रत्येक वाडीत एक तरी बाक बोलण्यासाठी राखला जावा म्हणून आम्ही मागे लागू. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून हे राज्य ऐकण्याची परंपरा सांगत आले आहे. व्याख्यानमालांच्या आयोजकांना आमची विनंती आहे: वक्त्याचे चित्रीकरण एकाने करावे, बाकीच्यांनी ऐकावे. लग्नघरांनाही हेच सांगणे आहे, पण तिथे आमचे कोणी ऐकेल अशी आशा जरा कमीच.

नोकरीचा प्रश्न घरात सुटणारा नाही. रात्री साहेबाचा निरोप आला तर दीड तासाची शपथ टिकत नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. लोखंड्यांनी मागितलेला सूर्यास्त आम्ही पुन्हा मागतो. कामगार संघटनांनी पगाराच्या मागणीशेजारी ही मागणी लिहावी. शाळांनी रात्री ग्रुपवर गृहपाठ टाकणे थांबवावे. शिक्षकांचीही त्यातून सुटका होईल.

घरपोच जेवण आणणाऱ्या मुलाला आम्ही काय सांगणार? सात ते दहा हीच त्याच्या कमाईची वेळ, आणि फोन बंद म्हणजे चूल बंद. आशाताई, रुग्णवाहिकेचा चालक, रात्रपाळीची नर्स यांचेही तेच. त्यांना आम्ही शपथ घालणार नाही. ते दारात आले तर पाणी विचारू, नावाने बोलू, मोबाइलमध्ये डोके ठेवून पिशवी हिसकावून घेणार नाही. त्यांच्या वाट्याचा दीड तास कसा मिळवायचा हे काम आमच्यावर बाकी आहे.

सभासद व्हायला अर्ज नाही, वर्गणी नाही, आणि व्हॉट्सॲप ग्रुप तर नाहीच. शेजारच्या दाराची कडी वाजवून सांगा, तेवढी नोंद पुरे.

आज संध्याकाळी सात वाजता फोन पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवा आणि झाकण लावा. समोरच्याला विचारा, ‘मग, काय झालं आज?’ पहिली काही मिनिटे अवघड जातील. कोणालाच काही सुचणार नाही, हात खिशाकडे जाईल. बसून राहा. तो बोलायला लागला की हुंकार द्या.