हात डोक्यावर, दुखणे मानेत

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर कुणी एक हात डोक्यावर ठेवून बसलेले दिसले, की शेजारचा हमखास विचारतो, ‘एवढी कसली चिंता?’ चिंता असतेच, पण हात त्यासाठी वर गेलेला नसतो. मानेत नस दबलेल्या अनेकांना हा उपाय कुणी न शिकवता सापडतो. हात डोक्यावर घेतला की ताणलेली नस सैल पडते आणि दंडातून बोटांपर्यंत जाणारी कळ थोडी थांबते. निदानासाठी ही खूण पुष्कळदा एमआरआयच्या फिल्मइतकीच बोलकी ठरते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

मानेत मणके सात, पण तिथून निघणाऱ्या नसांच्या जोड्या आठ. प्रत्येक नस मणक्यांमधल्या लहानशा वाटेतून बाहेर पडते. तरुणपणी मधली चकती फुगून या वाटेवर येते. पन्नाशीनंतर चकती झिजते, कडेने हाड वाढते आणि वाट अरुंद होते. दबते मानेत, पण तक्रार करतो हात. म्हणून रुग्ण महिनाभर खांद्याला बाम चोळत राहतो किंवा ‘वात आहे’ म्हणून सोडून देतो. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटाला येतात एवढे नीट सांगितले तरी निदान बरेच सोपे होते. अंगठ्याकडे सहावी नस जाते, मधल्या बोटाकडे सातवी, करंगळीकडे आठवी. सर्वांत जास्त वेळा दबते ती सातवी. मात्र हाताची कळ चालताना वाढत असेल, सोबत छातीत दडपण किंवा घाम असेल, तर मानेचा विचार नंतर; आधी ईसीजी.

मान दुखली की हल्ली मोबाइलला दोष देण्याची पद्धत आहे. तासन् तास खाली वाकून स्नायू आखडतात हे खरे. पण मान पुढे वाकते तेव्हा नसांच्या वाटा किंचित रुंदावतात. मान मागे टाकून दुखऱ्या बाजूला वळवली की त्या आवळल्या जातात. डॉक्टर तपासताना नेमके हेच करून पाहतात. आता एप्रिल-मे महिन्यातली रत्नागिरीची कोणतीही आंबा बाग आठवावी. लांब बांबूचा झेला हातात आणि नजर शेंड्याकडे, असा सगळा दिवस जातो. त्यानंतर भरलेले क्रेट उचलायचे. मिरकरवाडा बंदरावर मासळीची पाटी डोक्यावर, चिऱ्याच्या खाणीवर जांभा डोक्यावर, भाजावळीच्या दिवसांत कवळांचे भारे डोक्यावर. डोक्यावरची चुंबळ टाळूला रुतू देत नाही, पण वजन शेवटी मानेच्या मणक्यांवरच उतरते. या मानांना मोबाइल कमी वापरण्याचा सल्ला देणे म्हणजे तपासण्याआधीच उत्तर देणे आहे.

दुसरी सवय एमआरआयची. कळ सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच घरचे पैसे जमवतात, गाडी ठरवतात आणि अहवालातला ‘चकती सरकली’ हा शब्द वाचून घाबरतात. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय केले, तेव्हा ८७ टक्क्यांहून अधिक जणांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. म्हणजे फिल्मवर काहीतरी दिसणारच. ते दुखण्याचे कारण आहे का, हे हात तपासूनच ठरते. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात १९७६ ते १९९० या काळातल्या अशा ५६१ रुग्णांची नोंद तपासली गेली. सुमारे चौघांपैकी एकाला शस्त्रक्रिया लागली, आणि अखेरच्या तपासणीत ९० टक्के लोकांना त्रास उरला नव्हता किंवा अगदी थोडा होता. हाताची ताकद शाबूत असेल तर पहिले सहा आठवडे तपासणीपेक्षा धीराचे असतात.

या सहा आठवड्यांत ‘आराम करा’ म्हणणे सोपे आहे. जिचे घर पाटीवर चालते तिने करायचे काय? चिठ्ठीवर ‘जड उचलू नये’ लिहून डॉक्टरचे काम संपत नाही. एका मोठ्या पाटीऐवजी दोन लहान फेऱ्या, दोघींमध्ये मिळून रिक्षा, झेला दुसऱ्याकडे देऊन आपण खाली बसून आंबा निवडणे, अशी वाट रुग्णासमोर बसून शोधावी लागते, आणि त्यासाठी तिचे काम काय हे आधी विचारावे लागते. गर्दीच्या ओपीडीत नेमका हाच प्रश्न राहून जातो.

गळपट्टा पूर्ण निकामी नाही. नेदरलँड्समधल्या २०५ रुग्णांच्या अभ्यासात सुरुवातीचे काही आठवडे पट्टा किंवा व्यायाम यांपैकी काहीही केलेल्यांची कळ लवकर उतरली. सहा महिन्यांनी मात्र काहीच न केलेलेही त्यांच्या बरोबरीला आले. त्यामुळे पट्टा थोडे दिवस ठीक. वर्षभर वापरला तर मानेचे स्नायूच दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊन महिनोन् महिने खाणे मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला महागात पडते. आणि केस कापून झाल्यावर सलूनमध्ये कडकन मान मोडून घेणे तर कुणीच करू नये. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्यात फाटून लकवा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. क्वचित घडते, पण घडते.

काही वेळा मात्र धीर धरणे चुकीचे ठरते. जमिनीवर हात टेकून उठताना कोपर लटके पडू लागले, पकड दर आठवड्याला कमी होऊ लागली, तर थांबू नये. कर्करोगाचा पूर्वेतिहास, ताप किंवा पडल्याचा मार असेल तरीही नाही. त्याहून फसवा प्रकार आहे नस नव्हे, मज्जारज्जूच दबण्याचा. त्यात पुष्कळदा दुखतच नाही. शर्टाची बटणे लागत नाहीत, गजऱ्याची फुले ओवता येत नाहीत, सुपारी कातरताना अडकित्ता निसटतो. पायातली चप्पल कधी निघाली ते कळत नाही, अंधारात तोल जातो. घरचे म्हणतात, वय झाले. लघवीवरचा ताबा सुटेपर्यंत वाट पाहिली, तर शस्त्रक्रियेनंतरही गेलेले सगळे परत येईल याची खात्री देता येत नाही. अशा माणसाचा एमआरआय त्याच आठवड्यात व्हायला हवा, आणि गाडी ठरवायची ती त्याच्यासाठी.